मथुराबाईंचं पाचवं गाणं

बत्तीस वर्षं मी शाळेच्या कचेरीत मुख्य लिपिक होतो. एवढ्या काळात मुख्याध्यापक, संस्थाचालक, पालक आणि दहावीला तिसऱ्यांदा बसलेली मुलं अशा पुष्कळांनी मला तोंड वेडावून दाखवलं असेल, पण पाठीमागे. समोर कोणाची हिंमत झाली नाही. ती हिंमत सन दोन हजार सात साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, यवतमाळात माझ्याच घरी, मीच विकत आणलेल्या संगणकाने केली. त्याने मला जीभ दाखवली.

मी हे अलंकारिक बोलत नाही. दोन टिंबं, मध्ये एक रेघ आणि बाहेर लोंबणारी जीभ, असा चेहरा त्याने पडद्यावर काढला. तोही आडवा. म्हणजे आपला अपमान झाला आहे की नाही, हे कळायलासुद्धा मला मान डाव्या खांद्यावर टाकावी लागली. नेमकी त्याच वेळी सुनीती, म्हणजे आमची सौभाग्यवती, चहा घेऊन आली आणि मान लचकली का म्हणून विचारती झाली. नव्हती लचकली. दोन दिवसांनी लचकली.

प्रकरण मुळात अगदी साधं होतं. माझ्या आईने, मथुराबाईंनी, आमच्या गल्लीत चाळीस वर्षं भुलाबाई बसवली. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, समोर गल्लीतल्या पोरी आणि नव्या सुना, रोज संध्याकाळी गाणी, मग डब्यात काय आहे ते ओळखून खिरापत, आणि कोजागिरीला समाप्ती. बाकीची गाणी सगळीकडे म्हणतात तीच. पण पाच गाणी आईने स्वतः रचलेली होती. त्यात गल्लीतली माणसं नावानिशी यायची आणि बहुतेक वेळा हसू होऊन जायची. ती पाच गाणी कोणीतरी एकोणनव्वद साली कॅसेटवर भरून घेतली होती. पुढे एका स्टुडिओवाल्याने त्यांची सीडी करून दिली आणि कॅसेट हरवली. जाब विचारला तर म्हणाला, सीडी आहे ना, मग कॅसेट कायले पाहिजे? त्यानंतर वर्षभरात आई गेली. तिचा आवाज म्हणून जगात जे काही उरलं होतं, ते त्या एका तबकडीवर.

बंगळूरहून आमच्या केतकीचा फोन आला. तिची आभा तीन वर्षांची झाली होती आणि यंदा त्यांच्या सोसायटीत आपल्याकडच्या चार बायका मिळून भुलाबाई बसवणार होत्या. "बाबा, कोजागिरीला आभाला पणजीचा आवाज ऐकवायचा आहे. सीडी कुरिअरने पाठवा." मी साफ नकार दिला. ज्या कुरिअरवाल्याने माझं पेन्शनचं पत्र आधी पांढरकवड्याला फिरवून आणलं, त्याच्या हाती मी आई देणार नव्हतो. मग असं ठरलं की मी सीडीवरची गाणी संगणकावर उतरवून घ्यायची आणि ईमेलने पाठवायची. दसरा ते कोजागिरी, चार दिवस हातात. एवढ्या वेळात मी पूर्वी सबंध शाळेचा पगार काढत असे.

आता संगणकाविषयी. हा संगणक आमच्या जावईबापूंनी, अनिमेष यांनी, उन्हाळ्यात येऊन सुधारून दिला होता. मी पैसे टाकून आणला तेव्हा त्यावर जे काही होतं ते चोरीचं आहे, असं त्यांनी जेवताना, श्रीखंड वाढून घेत सांगितलं. मग त्यांनी ते सगळं पुसलं आणि त्याजागी लिनक्स नावाची प्रणाली घातली. लिनक्स फुकट असतं, प्रामाणिक असतं आणि त्याला विषाणू लागत नाहीत, असं ते म्हणाले. मी मान डोलावली. वाचकहो, दुसऱ्या कोणी माझ्या संगणकाला हात लावला असता तर मी त्याला गल्लीच्या टोकापर्यंत सोडून आलो असतो. पण जावई. जावयाने घराचं छप्पर काढून नेलं तरी सासऱ्याने, हवा छान येते, एवढंच म्हणायचं असतं. लिनक्सबद्दल माझ्या मनात जे जे साठलं आहे, त्याला म्हणूनच वाट मिळालेली नाही, आणि आज ते तुमच्यावर निघतं आहे.

दसऱ्याच्या दिवशी कामाला हात घालायचा नव्हता. त्या दिवशी पूजा. आमच्याकडे दसऱ्याची अवजारांची पूजा माझ्या हातची असते आणि ती मी नीट करतो. स्कूटर, विळी, शिवणाचं मशीन, मग संगणक. संगणकाच्या प्रत्येक भागाला हळदकुंकू, वर आपट्याची पानं. आणि शेवटी आईची सीडी. तिच्या वरच्या बाजूवर स्टुडिओवाल्याने 'मथुराबाई' असं शाईने लिहिलेलं होतं. आईच्या नावावर बोट फिरवणं मनाला पटेना, म्हणून मी सीडी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या, चकचकीत बाजूवर ओल्या कुंकवाचं छोटंसं स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या, नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी धोतराच्या सोग्याने खसाखसा पुसून घेतली. स्वच्छतेच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये.

जावईबापूंनी फोनवर गाणी उतरवणाऱ्या प्रोग्रामची एक ओळ सांगितली, ती मी कागदावर उतरवून जशीच्या तशी टंकली. त्यांनी समजावलं की हा प्रोग्राम स्वभावाने संशयी आहे. सीडीवरचा एकेक तुकडा तो पुन्हा पुन्हा वाचतो, खात्री पटल्याशिवाय पुढे जात नाही, आणि काम कसं चाललं आहे ते चेहऱ्याने दाखवतो. संशयी स्वभावाची माणसं मी शाळेच्या तपासणीला येणाऱ्यांमध्ये पुष्कळ पाहिली होती, त्यामुळे मला काही वाटलं नाही. पहिलं गाणं सुरू झालं, चेहरा हसरा होता. दुसऱ्या गाण्याला तो गंभीर झाला. तिसऱ्याला वाकडा. चौथ्याला जीभ. पाचव्या गाण्याला त्याने रडका चेहरा काढला आणि तो तसाच ठेवून दोन तास तिथेच घुटमळत बसला. रडायचं कारण असेल तर मला होतं.

एवढ्यावर भागलं नाही. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट जोडलेलं होतं. या प्रोग्रामने आपण होऊन कुठल्याशा परदेशी यादीत चौकशी केली आणि गाण्यांच्या लांबीवरून असा निष्कर्ष काढला की ही सीडी जर्मनीतल्या कुठल्याशा गावच्या पिपाणीवाल्यांच्या बँडची आहे. पडद्यावर पाच जर्मन नावं आली. यवतमाळच्या बाहेर पुसदपलीकडे कधी न गेलेल्या माझ्या आईला या यंत्राने जर्मन बँडमध्ये भरती करून टाकलं. मी जावईबापूंना फोन केला. ते म्हणाले, असं होतं कधी कधी, नावं नंतर बदलता येतात. मी म्हणालो, काही हरकत नाही. फोन ठेवल्यावर मी जे म्हणालो ते सुनीतीने ऐकलं, आणि तिने देवघराचं दार लोटून घेतलं.

मंगळवारी पुन्हा सुरुवात केली तर वीज गेली. भारनियमनाचं वेळापत्रक पाहिलं: मी मोकळा असतो तेव्हा वीज नसते आणि वीज असते तेव्हा मी झोपलेला असतो. मग मी रीतसर अर्ज लिहिला. विषय: मातोश्रींच्या आवाजाच्या जतनाकरिता भारनियमनातून दोन तास सूट मिळणेबाबत. अर्ज घेऊन मी वीज कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूने तो वाचला, पुन्हा वाचला आणि ग्राहक क्रमांक विचारला. मी सांगितला. त्याने मोठी वही उघडली. मीटर मथुराबाईंच्या नावावर आहे, म्हणाला, ग्राहकालाच घेऊन या. मी सांगितलं की ग्राहक स्वर्गवासी आहे आणि तिच्याच आवाजासाठी तर हा खटाटोप. यावर त्याचा चेहरा गंभीर झाला. मग तीन वर्षं मृत व्यक्ती वीज वापरते आहे काय, असं त्याने विचारलं. मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, दोन फोटो आणि नावबदलाचा नमुना आणा, म्हणजे मग सूट द्यायची नाही असं आम्हाला लेखी कळवता येईल.

मला सगळ्यात जास्त राग आला तो याचा, की त्याचं कुठेही चुकलं नव्हतं. त्याच्या खुर्चीवर मी असतो तर मीही अगदी हेच केलं असतं. मी अर्जाची पोच घेतली आणि परत आलो.

बुधवारी समोरचे रामराव आले. रामराव निवृत्त पोस्टमास्तर आहेत आणि त्यांना ठाऊक नाही असा विषय अजून निघायचा आहे. सीडीला दातांची पेस्ट चोळा म्हणाले. आमच्याकडे लाल दंतमंजन वापरतात, असं मी सांगताच ते म्हणाले की मग केळीची साल चोळा. मी दोन्ही सूचना नाकारल्या. मग त्यांनी आमच्या पुढच्या खोलीकडे पाहिलं, टेबलावरच्या संगणकाकडे पाहिलं, आणि संगणकाच्या पलीकडे छताला टेकलेल्या पांढऱ्या ढिगाकडे पाहिलं. "किसनराव, मशीनमध्ये रुई नाही जाणार तर काय जाईल?" ते म्हणाले.

तो ढीग घनश्यामरावांचा होता. घनश्यामराव आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. शेती बाभुळगावकडे, कापूस आणि तूर. त्या वर्षी पहिली वेचणी घरी आली होती, पण सरकारी खरेदीचं काही नक्की नव्हतं. आज सुरू होईल, उद्या होईल, दिवाळीनंतर होईल, असं रोज नवीन ऐकू यायचं. खाजगी व्यापारी गल्लीत चकरा मारायचे आणि असा भाव सांगायचे की ऐकणाऱ्याने खाली बसावं. घनश्यामरावांनी ठरवलं की थांबायचं. पण घर भरलं. दसऱ्याच्या आठ दिवस आधी ते संकोचत आले. "चार रोज तुमच्या पुढच्या खोलीत ठेवू देता का जी? आमच्या घरात पाय ठेवाले जागा नाही राह्यली." मीच मोठ्या मनाने हो म्हटलं होतं.

मोठं मन बुधवारी दुपारी आटपलं. तीन दिवस मी अपमान गिळत होतो. जावयावर रागावता येत नव्हतं, बाबूचं चुकलेलं नव्हतं, यंत्राला कान नव्हते. घनश्यामरावांना दोन कान होते आणि ते भिंतीपलीकडे होते. मी गेलो आणि बोललो. तुमच्या रुईने माझ्या आईचा आवाज खाल्ला, असं म्हणालो. ते वाक्य मला बोलता बोलता फार आवडलं, म्हणून मी ते दोनदा म्हणालो. ढीग संध्याकाळपर्यंत हलला पाहिजे, असंही सांगितलं.

घनश्यामरावांनी वाद घातला नाही. लीलाबाई, त्यांच्या पत्नी, दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "काकूचा आवाज गेला? सारा गेला?" मी त्यांच्याकडे न पाहता परत फिरलो. मान लचकली होती आणि ती वळवता येत नव्हती. संध्याकाळपर्यंत नवराबायकोने सगळा कापूस गाठोड्यांत बांधून आपल्या घरात नेला. त्या रात्री ते दोघं ओसरीवर झोपले. मी खिडकी लावून घेतली, कारण थंडी पडायला लागली होती.

गुरुवारी कोजागिरी. खोलीत रुईचा कण नव्हता. मी सकाळी, वीज असताना, ती ओळ पुन्हा टंकली. पाचव्या गाण्याला तोच रडका चेहरा. मग मात्र मी संगणकाचं खोकं उचललं, रिक्षात घातलं आणि बसस्टँडजवळच्या बाबुलालकडे नेलं. बाबुलाल रेडिओपासून सगळं दुरुस्त करतो. मी त्याला आधीच सांगून ठेवलं की आत कापूस सापडेल, तो नीट काढून एका कागदात बांधून दे, मला एका माणसाला दाखवायचा आहे.

बाबुलालने सीडीचा खण उघडला, चिमट्याने आत चाचपलं आणि कागदावर एकेक वस्तू काढून ठेवली. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

"साहब, कपास नाही निघाली. चावल हाय. लाल चावल."

कुंकवात माखलेल्या सात अक्षता होत्या, आणि आपट्याच्या पानाचा एक तुकडा. त्याने सीडी उजेडात धरली. चकचकीत बाजूवर, म्हणजे गाणी असतात त्याच बाजूवर, एका स्वस्तिकाची फिकट लाल छाया होती, आणि तिच्याभोवती धोतराच्या सोग्याने अक्षतांसकट खसाखसा पुसल्याचे गोल गोल चरे. कोणी पूजा केली, असं त्याने अगदी सहज विचारलं. मी म्हणालो, घरी करतात. मराठीत कर्ता न सांगता वाक्य पुरं करता येतं, ही आपल्या भाषेची फार मोठी सोय आहे.

घरी आल्यावर सुनीतीने सीडी माझ्या हातून काढून घेतली, भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून हलकेच धुतली आणि मऊ फडक्याने टिपली.  तीस वर्षांच्या संसारात न बोलण्याचं तंत्र तिने फार वाढवलं आहे. मी ओळ टंकली. पहिलं गाणं, हसरा चेहरा. दुसरं, हसरा. तिसरं आणि चौथं पार पडलं. प्रत्येकाच्या शेवटी तर त्याने मोठं तोंड उघडून हसून दाखवलं. आणि पाचव्याला तो थांबला, गंभीर झाला, रडका झाला, मग त्याने हात टेकले. ऐकून पाहिलं तर आईचा आवाज एक ओळ यायचा आणि मग नुसती खरखर. चरा खोल गेला होता.

 वाईट वाटलं हे सांगायला मला लाज वाटत नाही. पाच गाण्यांतलं ते एक मला आठवतही नव्हतं. लहानपणी ते सुरू झालं की मी उठून बाहेर जात असे, एवढंच आठवत होतं. का जात असे ते आठवत नव्हतं. आईने रचलेलं, आईने म्हटलेलं गाणं तीन वर्षं माझ्या कपाटात सुखरूप होतं, आणि ते मी माझ्या हाताने, नमस्कार करून, पुसून टाकलं होतं.

तेवढ्यात बाहेर मेटॅडोरचा आवाज आला. खिडकी उघडली तर घनश्यामरावांच्या दारात व्यापाऱ्याची गाडी लागलेली आणि घनश्यामराव कापसाची गाठोडी बाहेर आणत होते.

मी चपला न घालता गेलो. विचारलं, हे काय? ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "इकून टाकतो जी. ओसरीवर किती रोज झोपाचं? लीलाचे गुडघे दुखते." भाव विचारायची मला हिंमत झाली नाही. व्यापारी मोबाइलवर कोणाशी तरी हसून बोलत होता, त्यावरून भाव कळला.

माफी मागण्याची मला सवय नाही. कचेरीत ती लागत नसे, तिथे शुद्धिपत्रक काढतात. मी खाली वाकलो, एक गाठोडं उचललं आणि आमच्या पुढच्या खोलीकडे चालू लागलो. व्यापारी ओरडला, ओ काका, गाडी इकडं आहे. मी थांबलो नाही. दुसरं गाठोडं उचललं. कोजागिरीसाठी म्हणून घातलेला माझा पांढरा सदरा रुईने आणखी पांढरा झाला. तिसऱ्या गाठोड्याला घनश्यामरावांनी माझा हात धरला.

"किसनराव, हे काय करून राह्यले तुमी?"

"घनश्यामराव," मी म्हणालो, "तुमच्या कापसाने काही केलं नाही. मी केलं. सीडीवर मीच कुंकू लावलं, मीच पुसलं, आणि तुम्हाला बोललो. खरेदी सुरू होईपर्यंत कापूस माझ्याकडे राहील."

 मग चौथं गाठोडं त्यांनी उचललं. व्यापारी थोडा वेळ थांबला, मग आमच्या गल्लीविषयी एक मत व्यक्त करून निघून गेला. लीलाबाई दारातून सगळं पाहत होत्या. मी शेवटचं गाठोडं ठेवून घाम पुसत होतो, तेव्हा त्या आत आल्या आणि त्यांनी संगणकाकडे पाहिलं.

"कोणतं गेलं भाऊजी? पाचवं?"

मी हो म्हटलं.

"मग त्यात काय? मले येते ना. काकूच्या बाजूले बसून मीच तर म्हणत होती. टेपमधे माहाबी आवाज आहे." आणि मग त्यांनी पदर सारखा करत विचारलं, "पण तुमाले चालन का?"

न चालण्यासारखं त्यात काय असेल, ते मला त्या क्षणी कळलं नाही. मी केतकीला फोन लावून तयार राहायला सांगितलं, जावईबापूंकडून संगणकात आवाज भरायची दुसरी ओळ उतरवून घेतली, माइक पुढे ठेवला. वीज जायला वीस मिनिटं होती. लीलाबाई कापसाच्या गाठोड्यावर टेकल्या, डोळे मिटले आणि म्हणू लागल्या. आवाज त्यांचा, पण लकब सगळी आईची. शब्द ओढायची जागासुद्धा तीच.

मडकं फुटलं, दही सांडलं,
किसन्या दिसेना घरात गं,
ओठाले दही, कोपराले दही,
मांजरीले हाणते दारात गं.

घनश्यामराव खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांचे खांदे हलत होते. सुनीती सरळ आत निघून गेली, आणि आतून तिचा हसण्याचा आवाज तिसाव्या वर्षी प्रथमच ओसरीपर्यंत ऐकू आला. पुढची दोन कडवीही अशीच होती. एकात मांजरीची मालकीण तक्रार घेऊन येते, दुसऱ्यात किसन्याच्या तोंडात खडीसाखर घालून त्याला तिच्यापुढे उभं करतात आणि खरं बोल म्हणतात. मी लहानपणी उठून का जात असे, ते मला आठवलं.

वीज जायच्या आधी पाचही गाणी बंगळूरला पोचली. तासाभराने केतकीचा फोन आला. भुलाबाईपुढे वाजवली, सगळ्यांना आवडली, आणि आभाने पाचवं गाणं चारदा लावायला लावलं. आभा फोनवर आली. तिने विचारलं, "आबा, किसन्या कोण?"

मी फोन लीलाबाईंकडे दिला.

नंतर मी संगणकावर जर्मन बँडवाल्यांची नावं पुसली आणि स्वतः नवी टंकली. गायिका, मथुराबाई. पाचव्याला, मथुराबाई आणि लीलाबाई. गाण्याचं नाव विचारलं होतं, तिथे बराच वेळ काही टंकलं नाही. शेवटी 'दही' एवढंच टंकलं. कापूस दिवाळीनंतर, खरेदी सुरू झाल्यावर गेला. तोवर तो त्या खोलीत होता, आणि त्याचा संगणकाला काडीचाही त्रास झाला नाही, हे मी रामरावांना मुद्दाम आणून दाखवलं.

आता गल्लीत पोरं मला पाहून ते गाणं गुणगुणतात. माझी तक्रार एकच आहे, आणि ती मी बावन्न वर्षांनी लेखी नोंदवून ठेवतो. ते मडकं मांजरीनेच फोडलं होतं. मी फक्त दही खाल्लं.